सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ: फुकेतचा वाया गेलेला दिवस आणि परताव्यासाठीचे पुढचे महिने

मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्यातील इतकी कुटुंबे ही क्रूझ करतात की जहाजावरील खोल्या, जेवण आणि संध्याकाळचे कार्यक्रम यांविषयी मी पुन्हा लिहिण्याची गरज नाही. ते सर्व चांगले होते आणि शाकाहारी जेवण तर अपेक्षेहून बरेच चांगले होते. मला लिहायचे आहे ते केवळ फुकेतच्या दिवसाविषयी, कारण त्या दिवशीच्या सहलीचे पैसे परत मिळवता मिळवता दिवाळी येऊन गेली आणि आता कुठे हा विषय शांतपणे मांडता येतो आहे.

तिकिटे आम्ही नौपाड्यातील एका ट्रॅव्हल एजंटकडून काढली. फुकेतला जहाजाची स्वतःची सहल महाग पडते, म्हणून फांग-न्गा उपसागराची सहलही त्यानेच स्वस्तात जोडून दिली. "काका, बोटीतून उतरलात की गाडी समोरच उभी असेल," असे त्याच्या कार्यालयातील मुलाने सांगितले होते. चौघांचे मिळून 18,000 रुपये आगाऊ भरले. व्हाउचरवर गाडीची वेळ सकाळी 8.30 आणि परतीची वेळ दुपारी 4 अशी छापलेली होती.

आदल्या बंदराचा अनुभव उत्तम असल्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. पेनांगला जहाज थेट स्वेटनहॅम धक्क्याला लागते. जिना उतरला की माणूस चालत जॉर्ज टाउनमध्ये पोहोचतो. फुकेतला तसे नाही. तेथे आमचे जहाज पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभे राहिले आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेण्यात आले. त्या बोटींसाठी क्रमांक वाटले जातात आणि जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. आम्ही सभागृहात क्रमांकाची चिठ्ठी हातात धरून बसलो होतो आणि क्रमांक पुकारला गेला तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते.

शिवाय मे महिन्यात अंदमान समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि पातोंग हा पश्चिम किनारा असल्याने लाटा सरळ अंगावर येतात. उतरण्याच्या फळीपाशी लहान बोट हातभर वर जात होती आणि तितकीच खाली येत होती. दोन खलाशांनी सासूबाईंना दोन्ही कोपरांना घट्ट धरले, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि बोट फळीच्या पातळीला आली त्या क्षणी त्यांना अलगद आत घेतले. त्या खलाशांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु प्रत्येक वृद्ध प्रवाशाला असा वेळ लागणार हे उघड असताना "सकाळी 8 ते संध्याकाळी 5 फुकेत" असे छापणे मला योग्य वाटत नाही.

आता जहाजाच्या आणि फुकेतच्या घड्याळांतील एका तासाच्या फरकाविषयी सविस्तर लिहितो, कारण आमचा दिवस खऱ्या अर्थाने त्यानेच बिघडवला. सिंगापूरची वेळ थायलंडच्या वेळेपेक्षा एक तासाने पुढे आहे. आमच्या जहाजाने संपूर्ण प्रवासात सिंगापूरचीच वेळ पाळली, पण किनारा जवळ येताच आमच्या मोबाइलने आपोआप थायलंडची वेळ घेतली. शेवटची बोट जहाजाच्या घड्याळाप्रमाणे 4 वाजता, म्हणजे फुकेतच्या घड्याळाप्रमाणे 3 वाजता सुटणार होती. एजंटच्या व्हाउचरवरील 4 वाजता ही वेळ चालकाने साहजिकच स्थानिक समजली होती. त्या वेळेवर विसंबलो असतो तर आम्ही किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत शेवटची बोट सुटून तासभर झाला असता. कंपनीच्या सहलीची गाडी रस्त्यात अडकली तर जहाज सहसा थांबते. बाहेरून सहल घेणाऱ्यांसाठी थांबत नाही. सासूबाईंना परक्या देशात किनाऱ्यावर घेऊन उभे राहण्याची वेळ आली असती, या विचाराने माझी पत्नी दिवसभर दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होती.

आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा स्थानिक सव्वादहा झाले होते आणि सहलीची बोट केव्हाच सुटून गेली होती. फांग-न्गा उपसागर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, ईशान्येकडे आहे; पातोंगहून डोंगर ओलांडून जावे लागते आणि पुढे काही तास बोटीत जातात. को तापू हा पाण्यातून सरळ वर आलेला चुनखडीचा सुळका पाहण्याची मुलीची फार इच्छा होती, ती तशीच राहिली. त्याऐवजी चालकाने एक समुद्रदर्शनाची जागा दाखवली आणि मग काजूच्या दुकानात व रत्नांच्या दुकानात नेले. घरात वेंगुर्ल्याचे काजू असणाऱ्या कोकणी कुटुंबाने फुकेतला काजूच्या दुकानात पाऊण तास काढावा, याचा मला आजही मनस्वी राग येतो. परत आलो तो पातोंगच्या पुळणीवर लाल बावटे लागलेले, त्यामुळे पाण्यात पाय घालण्याचाही प्रश्न नव्हता.

घरी आल्यावर माझा सगळा रोष जहाज कंपनीवर होता आणि तसा अभिप्रायही मी लिहिला होता. पुढे कागदपत्रे नीट लावताना माझे मत बदलले. जहाजाच्या दैनिक पत्रकात "जहाजाची वेळ" हे शब्द ठळक अक्षरांत होते आणि शेवटच्या बोटीची वेळही दिलेली होती. बंदरातील मुक्कामाची वेळ म्हणजे किनाऱ्यावरची वेळ नव्हे, हे तिकीट विकतानाच सांगितले पाहिजे ही माझी तक्रार कायम आहे; पण मुख्य जबाबदारी त्या एजंटची आहे. लहान बोटींनी उतरावे लागणाऱ्या बंदरावर सकाळी 8.30 ची सहल विकणे आणि ती कोणत्या घड्याळाने हे न लिहिणे, हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे.

पैसे मागितल्यावर आधी "समुद्र खराब होता, आम्ही काय करणार?" असे उत्तर मिळाले. नंतर पुढील सहलीत वापरता येईल असे अर्ध्या रकमेचे व्हाउचर देऊ केले, जे मी नाकारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि व्हाउचर, दैनिक पत्रक व बोटीच्या क्रमांकाची चिठ्ठी यांची छायाचित्रे जोडली, तेव्हा कुठे हालचाल झाली. दिवाळीनंतर सेवाशुल्क कापून 15,500 रुपये खात्यात आले.

क्रूझ म्हणून मी ही सहल इतरांना सुचवीन आणि पेनांगसाठी तर आवर्जून सुचवीन. फुकेतला मात्र जहाज धक्क्याला लागणार की नांगरावर उभे राहणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा. नांगरावर असेल तर जहाजाचीच सहल घ्या, महाग असली तरी. किंवा काहीच न ठरवता पातोंगमध्येच फिरा आणि मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. कापलेल्या 2,500 रुपयांसाठी मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 2019 च्या कायद्याखाली 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि अर्जाचा मसुदा तयार आहे.