मूडलचा क्विझ-अहवाल: गुण लागल्यानंतर प्रश्नपत्रिकेची तपासणी

गुण जाहीर झाले की परीक्षेचे काम संपले, असे बहुतेक ठिकाणी धरून चालतात. मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या मुक्तस्रोत प्रणालीतील क्विझचा (चाचणीचा) सांख्यिकी अहवाल त्यानंतर प्रश्नपत्रिकाच तपासायला घेतो, आणि केवळ तेवढ्यासाठीही ही प्रणाली वापरावी, असे माझे मत आहे.

अहवालातील सर्वांत मोलाचा आकडा भेदन निर्देशांकाचा, म्हणजे प्रश्न चांगल्या आणि कच्च्या विद्यार्थ्यांत किती फरक करतो याचा. प्रश्नाचे गुण आणि उरलेल्या चाचणीचे गुण यांच्यातील सहसंबंध येथे टक्क्यांत दिला जातो. बेरजेतून त्या प्रश्नाचे गुण वगळलेले असल्यामुळे प्रश्नाने आपलीच साक्ष आपण देण्याचा प्रकार टळतो. आकडा ५० च्या वर असल्यास प्रश्न उत्तम, २० च्या खाली गेल्यास फारच कमकुवत, आणि ऋण आल्यास आधी उत्तरसूची उघडावी, कारण पुष्कळदा चूक तिथेच सापडते. मात्र शेजारचा सुलभता निर्देशांकही, म्हणजे प्रश्न किती सोपा गेला हे सांगणारा आकडाही, पाहावा. जवळपास सगळ्यांनीच सोडवलेल्या प्रश्नाला भेदनाला वावच उरत नाही. तेथील कमी आकड्यावरून प्रश्न बाद करणे अन्यायाचे होईल.

मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा, म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचे माप, अहवालात अंतर्गत सुसंगतीच्या नावाने येतो, आणि त्यावरून काढलेली प्रमाण त्रुटीही, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण किती ढळू शकतात याचा अंदाजही. सुसंगती ८४ टक्के आणि प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १० गुण असेल, तर ही त्रुटी ४ गुणांची भरते; म्हणजे ४० च्या उत्तीर्णरेषेपाशी ३८ आणि ४१ मिळवणाऱ्यांत फरक आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट अहवालाच्या सारांशातच राहते, विद्यार्थ्याच्या गुणांशेजारी कुठेही दिसत नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव पर्यायांच्या तक्त्यात आहे. चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला हे कळते, पण ते वरच्या गटातले की खालच्या, हे कळत नाही. हुशार मुलांना चकवणारा पर्याय ओळखायचा तर उत्तरे उतरवून घेऊन तक्ता स्वतःच मांडावा लागतो.

सप्रमाणतेबद्दल, म्हणजे जे मोजायचे तेच चाचणी मोजते का याबद्दल, अहवाल अर्थातच मौन बाळगतो: साऱ्या प्रश्नांनी निव्वळ पाठांतर मोजले असले तरी अल्फा उंचच दिसेल. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकावर आणि उद्दिष्टावर किती गुणांचे प्रश्न हा आराखडा, हाताशी ठेवूनच अहवाल वाचावा. पुन्हा प्रयत्नांची मुभा असलेल्या चाचणीत विश्लेषणासाठी पहिला प्रयत्न निवडावा, आणि वर्ग लहान असेल तर भेदनाचे आकडे दोन-तीन तुकड्यांची उत्तरे जमेपर्यंत कच्चेच समजावेत.