जुन्या यंत्रात वायर शिरते तिथे काय बसवावे: ग्रोमेट, ग्लँड की क्लॅम्प?

जुन्या लेथच्या, ड्रिल मशीनच्या किंवा ग्राइंडरच्या बिडाच्या सांगाड्यात वायर आत घ्यायला भोक असते, पण त्यातले मूळ रबर बहुधा कडक होऊन केव्हाच गळून पडलेले असते. यंत्र थरथरते तशी वायर भोकाच्या कडेवर घासत राहते. आधी बाहेरचे आवरण जाते, मग आतल्या तारेचे, आणि फेज बिडाला टेकली की सांगाड्यात करंट उतरतो. अर्थिंग शाबूत असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर पुढचा हात लावणाऱ्याला शॉक बसतो.

या जागी तीन कामे व्हायला हवीत: वायर कडेवर कापू नये, बाहेरून बसलेली ओढ टर्मिनलपर्यंत पोहोचू नये आणि वायर एकाच ठिकाणी वाकून आतून तुटू नये. बहुतेक जण पहिले काम करून थांबतात. खाली दिलेल्या पर्यायांतला फरक मुख्यतः इथेच पडतो.

रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी खाचेची कडी, फक्त कडेपासून वाचवतो. ओढ अजिबात धरत नाही. त्याची खाच साधारण १.५ ते २ मिमी पत्र्यासाठी असते, त्यामुळे ६-८ मिमी जाडीच्या बिडात तो नीट बसतच नाही, दाबून घातला तरी थरथरीने बाहेर येतो. साधे रबर मशीनच्या तेलाने फुगून मऊ पडते. घ्यायचाच तर नायट्राइल रबराचा घ्या. स्विचच्या पत्र्याच्या डब्यावर तो चालतो, पण मग आतल्या बाजूला, भोकापासून २५ ते ५० मिमीवर, दोन स्क्रूचा क्लॅम्प हवाच. क्लॅम्पच्या कडा गोल असाव्यात आणि वायर हातानेही सरकणार नाही इतकाच तो आवळावा. आवरण चपटे झाले तर आतल्या तारा दबल्या असे समजा.

दाबून बसवायची प्लॅस्टिकची बुश वायरही धरते आणि कडेपासूनही वाचवते. पण तिला दोन बाजू सपाट असलेले भोक लागते आणि पत्रा पातळ लागतो. साध्या गोल भोकात ती फिरते आणि वायर पिळते. वायरचा व्यास थोडा कमी-जास्त झाला तरी पकड जाते. नव्या मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर ठीक. बिडाच्या यंत्रावर तिचा विचार सोडून द्या.

नायलॉनचा केबल ग्लँड, म्हणजे टोपी आवळली की वायर पकडणारी आट्यांची नळी, हा बहुतेक जुन्या यंत्रांसाठी आमचा पहिला पर्याय. आतली रबरी रिंग वायर चारही बाजूंनी सारखी धरते, म्हणून कड, ओढ, तेल आणि कीस या चौघांचा बंदोबस्त एकदम होतो. मात्र माप चुकले तर त्याचा उपयोग नाही. आधी वर्निअरने वायरचा बाहेरचा व्यास मोजा. एम२० चा, म्हणजे २० मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्यांचा, ग्लँड सर्वसाधारणपणे ६ ते १२ मिमीची वायर धरतो, पण उत्पादकाप्रमाणे हा पल्ला बदलतो, म्हणून पाकिटावरचा आकडा पाहा आणि तुमची वायर मधोमध येईल असा ग्लँड निवडा. चपटी वायर गोल रिंगेत धरली जात नाही.

भिंत ३-४ मिमीपर्यंत असेल तर एम२० साठी २०.५ मिमीचे भोक पाडून आतून नट लावा. जाड बिडात नेहमीच्या ग्लँडचे आटे नटापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे १८.५ मिमी ड्रिल आणि २० × १.५ चा टॅप वापरून बिडातच आटे पाडा, किंवा १५ मिमी लांबीच्या आट्यांचा ग्लँड घ्या. बिडाचा कीस बारीक असतो आणि वीज वाहून नेतो. मोटर आणि स्विच झाकल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका.

जुन्या यंत्रात आधीच आटे असतील तर ते मेट्रिक आहेत असे धरू नका. पाऊण इंची जुन्या ब्रिटिश कंड्युटचा (वायरिंगच्या नळीचा) आटा १९.०५ मिमी व्यासाचा, इंचाला १६ आटे. त्यात एम२० जबरदस्तीने फिरवला तर नायलॉनचे आटे उडतात. पीजी १३.५ या जुन्या जर्मन आट्याचा व्यास २०.४ मिमी, म्हणजे नुसत्या नजरेला तो एम२० च वाटतो. पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजायच्या पट्ट्या) लावा आणि योग्य अडॅप्टर घ्या.

भोक फार मोठे असेल, किंवा मूळ यंत्राला हात लावायचा नसेल, तर ३ मिमी पोलादी पट्टीत ग्लँड बसवून ती पट्टी भोकावर दोन एम५ स्क्रूंनी लावा. त्या स्क्रूंचे आटे आधीपासून असले तर उत्तमच.

पितळी ग्लँड गरम कीस उडतो तिथेच घ्यावा, आणि त्याला अर्थिंग मिळालेच पाहिजे; रंगलेल्या पृष्ठभागावर ते मिळत नाही, रंग खरवडावा लागतो. चिलखती केबलचा ग्लँड मात्र मऊ वायरवर वापरू नका, तो तारांचे कवच धरण्यासाठी असतो.

वायर सतत हलत असेल, जसे पट्टा ताणण्यासाठी मोटर बिजागरीवर हलते तिथे, स्प्रिंगसारखी शेपटी असलेला ग्लँड घ्या. तिसरे काम, म्हणजे वाक, फक्त तोच नीट सांभाळतो. बाकी ठिकाणी वायरला व्यासाच्या सहापट तरी वळण द्या आणि ग्लँड खालून किंवा बाजूने येऊ द्या, वरून नको.

आत गाठ मारून ओढ थांबवण्याची जुनी सवय सोडावी: गाठीच्या वळणातच आवरण दबते. आणि वायर कापडी आवरणाची किंवा वाकवल्यावर तडकणारी असेल तर आधी वायर बदला. कुठलाही ग्लँड तिला वाचवणार नाही.

आत अर्थची तार फेज आणि न्यूट्रलच्या तारांपेक्षा लांबीने जास्त ठेवा, म्हणजे सगळे फसून वायर उपटलीच तर ती शेवटी सुटेल. बसवून झाल्यावर ग्लँडच्या तोंडाशी वायरवर पेनाने खूण करा आणि साधारण १० किलोच्या जोराने २५ वेळा ओढा, दर वेळी सेकंदभर. ४ किलोपेक्षा जड घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० न्यूटनची हीच चाचणी आहे. खूण २ मिमीपेक्षा जास्त सरकली तर ग्लँड मोठा आहे. मग प्लगच्या अर्थ पिनपासून सांगाड्यापर्यंत अर्थिंग तपासा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) फेज-न्यूट्रलच्या तारा ते सांगाडा मोजा. १ मेगओमपेक्षा कमी आल्यास यंत्र चालू करू नका.