खान्देशचा कर मोजायचा कसा: भरणा पाहून की वाटा काढून?

भाच्याला कॉलेजच्या प्रकल्पात जळगाव, धुळे, नंदुरबारचा सरकारी जमाखर्च मांडायचाय: इथून कर किती जातो, इथे खर्च किती होतो. ‘आपला खान्देशले काय भेटस?’ हा त्याचा सवाल. मोजायच्या पद्धती दोन, आणि तो दोन्हींमध्ये अडकलाय.

पहिली, भरणा पाहायचा, म्हणजे कर जिथे जमा झाला तिथलाच धरायचा. मेहनत कमी, आकडे तयार. पण अमळनेरात घेतलेल्या टूथपेस्टचं बिल काढा. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र; अमळनेर की अंधेरी, ते कळत नाही. राज्यभर दुकानं असलेली कंपनी बहुधा एकाच नोंदणीवर कर भरते. पेट्रोलचंही तेच: पैसे भुसावळच्या पंपावर, व्हॅट भरते तेल कंपनी. हा कर खान्देशच्या नावावर दिसत नाही, त्यामुळे खान्देश आहे त्यापेक्षा गरीब दिसतो.

दुसरी, वाटा काढायचा, म्हणजे राज्याच्या एकूण करातला खान्देशचा हिस्सा अंदाजाने ठरवायचा. २०११ च्या जनगणनेत तिन्ही जिल्हे मिळून साधारण ७९ लाख, राज्याच्या सात टक्के. म्हणून करही सात टक्के? छे! नंदुरबारातल्या दुर्गम धडगावचा माणशी खर्च पुण्याएवढा कसा धरणार? घरखर्चाच्या सर्वेक्षणाने दुरुस्ती करावीच लागते, आणि तिथेच घाम निघतो.

खर्चाच्या बाजूला कोषागाराचे आकडे बरे, पगार-पेन्शन तरी नेमकी सापडते. मात्र धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचेही रुग्ण येतात. तो खर्च कोणाचा?

मुद्रांक शुल्क, घरपट्टी, पगार यांपुरतं काम असेल तर भरणा पुरे. ‘आपण देतो किती, मिळतं किती’ हा वाद घालायचा असेल तर वाटाच काढ, भाच्या, आणि कशावरून काढला ते पहिल्याच पानावर लिही.