नाकाच्या ऑपरेशनला अकरा महिने झाले

बारावीत स्कूटरवरून पडले तेव्हा नाकाचं हाड मोडलं आणि तसंच वेडंवाकडं जुळलं. वर उंचवटा आला, आतला पडदा डावीकडे झुकला आणि पुढची दहा वर्षं मी तोंड उघडं टाकून झोपले. गेल्या वर्षी पुण्यात दोन्ही कामं एकदमच करून घेतली. विम्यात फक्त पडद्याचा खर्च बसला, आकाराचा खिशातून.

ज्या कुणाचं ठरतंय त्यांना आधी हे सांगते. सातव्या दिवशी प्लास्टर निघाल्यावर आरशात जे दिसतं त्यावरून काहीही ठरवू नका. माझं नाक आधीपेक्षा रुंद दिसत होतं, शेंडा वर ओढलेला. मी रिक्षात बसून रडले. ऑपरेशनआधी माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, 'पंधरा दिवसांत एकदम नॉर्मल.' त्याचा मला अजून राग आहे. पंधरा दिवसांत डोळ्यांखालचं काळंनिळं गेलं, इतकंच. सूज बरीचशी पहिल्या दोन-तीन महिन्यांत उतरली, पण शेंड्याची वर्षभर रेंगाळते, कातडी जाड असेल तर जास्तच. सकाळी उठल्यावर नाक मोठं वाटायचं, संध्याकाळपर्यंत बसायचं.

दुखलं फारसं नाही. हाल झाले ते चोंदलेल्या नाकाने. उशा रचून उताणं झोपायचं, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. चष्मा सहा आठवडे नाकावर टेकवायचा नव्हता, म्हणून आई रोज सकाळी चिकटपट्टीने तो कपाळाला टांगून द्यायची आणि मग मी लॅपटॉप उघडायचे.

त्या पडून राहण्याच्या दिवसांत एक गोष्ट वाचली. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत छापून आली होती. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं, आणि इथेच, पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. भूल न देता. ते वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होते.

डॉक्टर कॉम्प्युटरवर 'असं होईल' म्हणून फोटो दाखवतात. त्यावरून तुम्हाला काय हवंय ते त्यांना कळतं, पण तंतोतंत तसंच होईल असं धरून चालू नका. माझा उंचवटा गेला, पण नाक अगदी सरळ रेषेत नाही, उजवीकडून बघितलं की कळतं. मला ते चालतं. पुन्हा ऑपरेशन करायचंच असेल तरी निदान वर्ष थांबावं लागतं, कारण आतले व्रण मऊ व्हायला तेवढा वेळ जातो.

श्वासासाठी मात्र मी हे ऑपरेशन उद्या परत करीन. तिसऱ्या महिन्यात एका रात्री जाग आली आणि लक्षात आलं की तोंड मिटलेलं आहे.

शेंडा कितीतरी दिवस बधिर होता. पाचव्या महिन्यात चहाची वाफ पहिल्यांदा जाणवली. मावसबहिणीच्या लग्नात डॉक्टरांनी नथ घालू दिली नव्हती, चापाचीसुद्धा. ती पाडव्याला घातली. चाप लागतो एवढं कळतं, मोत्यांचं वजन अजून कळत नाही.