१ एमएमच्या नावाखाली ०.७ चं लॅमिनेट, आणि '७१०' चा शिक्का मारलेला भलताच प्लाय

डोकं अजून गरम आहे, वाकडंतिकडं लिहिलं तर चालवून घ्या. एकूण गेले ६,८४० रुपये. प्लाय ४,१६०, लॅमिनेट १,८५०, चिकटवायच्या पिवळ्या सोल्युशनचा डबा ४८०, कटिंग आणि टेम्पो ३५०. चौकीतले साहेब म्हणाले रक्कम फार मोठी नाहीये, हो ना, त्यांच्या खिशातून कुठे गेलीय.

कामाचं टेबल घरीच बनवत होतो, ५ बाय २ चा टॉप, १९ एमएम प्लाय, वर १ एमएम मॅट लॅमिनेट (सनमायका म्हणतात तो पातळ थर). दुकानदाराने फोल्डरमधला सॅम्पलचा तुकडा दिला तो अस्सल १ एमएमचाच, म्हणजे तिथेच आपण गार. माल आला तो वेगळाच. रंग तोच, टेक्श्चर तेच, स्टिकरवर १.० छापलेलं, आणि नंतर व्हर्निअरने (जाडी मोजायचं साधन) मोजलं तर ०.७०. कपाटाच्या आतून लावायचा माल तो!

आणि हे माझ्या नाकासमोर घडलं याचाच जास्त संताप येतो. पोरगा शीट चटईसारखी गुंडाळून, काखेत मारून, शीळ घालत जिना चढून वर आला. ८ बाय ४ ची १ एमएम शीट चार किलोच्या वर भरते आणि तिची गुंडाळी चांगली जाडजूड होते, जास्त आवळली तर तडकते. ही एवढीशी सुरळी, सुतळीने करकचून बांधलेली, एका हाताने उचलली त्याने. पण मी तेव्हा प्लायवरचा आयएसआयचा शिक्का बघत होतो, आणि खरं सांगा, तुमच्यापैकी कोणी घरी आलेली शीट काट्यावर ठेवलीय का कधी? (आता ठेवा. आणि कापायच्या आधी ठेवा, कापली की दुकानदार हात वर करतो.)

चिकटवण्यात गडबड झाली असणार हे दुकानदाराचं पहिलं वाक्य, म्हणून सांगतो. प्लाय घासून धूळ पुसली, दोन्ही पृष्ठभागांना सोल्युशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो, मध्ये पट्ट्या ठेवून एकेक काढत मधून कडेकडे रोलर फिरवला. खालच्या बाजूलाही त्याच शीटमधला तुकडा लावला, नाहीतर टॉपला बाक येतो. अजून काय करायचं माणसाने? सकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडला तर प्लायचा प्रत्येक खड्डा वर उमटलेला, आणि कडा ट्रिम करताना टवके उडाले ते वेगळेच.

मग प्लायचाही संशय आला. उरलेला तुकडा रात्रभर बादलीत टाकला, सकाळी थर सुटे. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याच्या टेस्टमध्ये नमुना ७२ तास उकळतात तरी थर सुटता कामा नयेत, आणि हा साध्या पाण्यात गळपटला! शिक्का नीट बघितला तर आयएसआयचं चिन्ह आहे, ७१० आहे, पण सीएम/एल नंबरच नाही. तो लायसन्स नंबर असतो, बीआयएसच्या (आयएसआयचा शिक्का देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नंबर नसेल तर प्लाय टेम्पोतून उतरवूच देऊ नका.

बिल? "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील साहेब", म्हणून चिठ्ठीवर आकडे. सगळेच असं घेतात, उगाच मला शिकवू नका. पण यूपीआय करताना नाव दुकानाचं येतंय का हे मात्र बघा, माझे पैसे कुठल्यातरी भलत्याच माणसाच्या खात्यात गेलेत आणि दुकानदार म्हणतो मी ओळखत नाही याला.

आता सरकारी तमाशा. चौकीत म्हणाले हे सिव्हिल मॅटर. एका हेल्पलाइनवर तक्रार घेतली, डॉकेट (तक्रारीचा) नंबर आला, जीव हरखला, नंतर मेसेज की विक्रेत्याने आरोप नाकारल्यामुळे तक्रार बंद. अरे नाकारणारच ना तो, हो मी चोर आहे म्हणेल का! वजनमापवाल्यांकडे गेलो, ते म्हणे जाडी आमच्याकडे येत नाही, शिक्क्याचं ऑफिस बघेल. तिथे ईमेल केला, उत्तर आलं बिलाची प्रत जोडा. परत चौकीत गेलो तर तो टेबलावरचा माणूस बदललेला, पहिल्यापासून सगळं सांगा. मी काय कीर्तन करत फिरू का? सगळ्यांकडे फॉर्म आहे, कोणाकडे माणूस नाही जो फक्त दुकानात जाऊन व्हर्निअर लावेल.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांत केस टाकता येते, तेवढं कळलंय आणि टाकणार आहे. पेमेंटचा स्क्रीनशॉट, स्टिकर, सॅम्पलचा तुकडा, सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही स्टिकर फाडून फेकू नका. प्लायचा तुकडा तपासून लेखी रिपोर्ट देणारी लॅब कोणाला माहीत असेल तर सांगा. हेल्पलाइनचे नंबर नकोत, ते सगळे फिरवून झालेत.