एसईओ कंपनीकडून वर्षभर काम करून घेतल्यानंतरचा अनुभव (टूर्स-ट्रॅव्हल्सचा धंदा, छत्रपती संभाजीनगर)

आमच्या घरचा गाड्यांचा धंदा आहे, संभाजीनगरला. एर्टिगा, इनोव्हा आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर, अजिंठा-वेरूळ-पैठण-शिर्डी अशा ट्रिपा असतात. वेबसाइट होती पण गुगलवर कुणाला सापडायची नाही, म्हणून मागच्या पावसाळ्यात एका एसईओ कंपनीला (गुगलच्या शोधात साइट वर आणायचं काम करणारी) काम दिलं आणि आता पूर्ण सीझन बघून झाल्यावर लिहायलो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, भरवशाची कंपनी ओळखायची कशी तेवढंच सांगायचंय, म्हणजे जालना-बीड-परभणीकडच्या धंदेवाल्यांनाही उपयोग होईल.

काम देण्याआधी लई फोन आले. "तीस दिवसांत पहिला नंबर, लेखी गॅरंटी." असं ऐकलं की सरळ फोन ठेवायचा. गुगलनं स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही आणि कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. एकानं गुगलशी आमची खास ओळख आहे म्हणून सांगितलं, तसंही काही नसतं. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये कीवर्ड मेटा टॅगचे (पानाच्या कोडमध्ये टाकलेली शोधशब्दांची यादी) वेगळे पैसे लावलेले, जो टॅग आपण रँकिंगसाठी बघतच नाही असं गुगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय. अजून एकाचा प्लॅन असा की प्रत्येक तालुक्याच्या नावानं एक पान, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं. गुगलच्या नियमात ही पानं स्पॅममध्ये धरतात.

ज्यांना काम दिलं त्यांच्याकडून एक पोरगी आली होती, ऑफिसात बसून तिनं आधी रँकिंगचा विषयच काढला नाही. तिचा पहिला प्रश्न, "काका, गिऱ्हाईक फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतं?" मी म्हणलं, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकून येतात आणि नेमकं त्याच दिवशी अडकतात, मग फोन करून विचारतात की आज काय बघता येईल. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पहिलं पान त्याचंच केलं. सोमवारी आलात तर वेरूळ, देवगिरी किल्ला आणि खुलताबाद करा, मंगळवारी आलात तर अजिंठा करा, वेरूळच्या लेण्या बंद असल्या तरी घृष्णेश्वराचं दर्शन होतं, शहरापासून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर म्हणजे सकाळी लवकर निघा, वेरूळ तीसच्या आसपास. आम्ही रोज फोनवर तोंडी सांगतो तेच सगळं, पण आज आमच्या साइटवर सगळ्यात जास्त लोक त्याच पानावरून येतात.

दुसरं महत्त्वाचं काम शहराच्या नावाचं. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आपण इथले लोक संभाजीनगर म्हणतो पण बाहेरचा टुरिस्ट, त्यातही परदेशातला, अजून जुनंच नाव टाकून शोधतो. सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं टूल) उघडून तिनं समोरच दाखवलं की कुठल्या नावानं किती जणांना आपली साइट दिसली आणि किती जणांनी क्लिक केलं. मग दोन नावांची दोन पानं न करता एकाच पानावर दोन्ही नावं सहज येतील असं लिहिलं. सर्च कन्सोल फुकट असतं, आणि जी कंपनी ते तुमच्यासमोर उघडायला टाळाटाळ करते तिला काम देऊ नका.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), सर्च कन्सोल आणि गुगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल, चारही गोष्टी तुमच्याच ईमेलवर पाहिजेत, कंपनीला फक्त मॅनेजर म्हणून ॲक्सेस द्यायचा. जालन्यातल्या माझ्या मावसभावाच्या दुकानाचं डोमेन एजन्सीनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, त्यानं काम थांबवलं तशी साइट गेली आणि इतक्या वर्षांची जमलेली रिव्ह्यूसकट मॅपची नोंद परत मिळवायला त्याच्या नाकीनऊ आले. आमच्या कंपनीनं पहिल्याच दिवशी सगळं माझ्या नावावर आहे का ते तपासलं, मला तिथंच भरवसा वाटला.

बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटला येणाऱ्या लिंकांचं, पण विचारून घ्या. पाचशे लिंक इतक्या रुपयांत, असं पॅकेज असलं तर नको. विकतच्या लिंकांवर गुगलनं 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून (शोधाच्या पद्धतीत केलेला बदल) बडगा उगारलाय, कारवाई झाली तर साइट शोधातून पार गायब पण होऊ शकते. आमच्यासाठी त्यांनी काय केलं, तर ज्या हॉटेलांतून आम्ही नेहमी पाहुणे घेतो त्यांच्याशी बोलून त्यांच्या साइटवर गाडीसाठी आमची लिंक टाकून घेतली. थोड्याच लिंक आहेत पण खऱ्या आहेत.

उणं पण सांगतो. लेख लिहिणारा माणूस बाहेरचा, त्यानं एका लेखात अजिंठा आणि वेरूळ शेजारी-शेजारी असल्यासारखं लिहून दोन्ही अर्ध्या दिवसात बसवलं होतं, मी वाचलं म्हणून सापडलं. त्यामुळं पान टाकायच्या आधी तुम्ही स्वतः वाचायचंच, कंपनी कितीही चांगली असो. महिन्याचा रिपोर्ट इंग्रजीत येतो, आमच्या वडिलांना कळत नाही, मराठीत द्या म्हणून सांगून सांगून आता कुठं खाली चार ओळी मराठीत यायल्यात. आणि दिवाळीच्या ऐन गर्दीत साइटचा फॉर्म बंद पडला तर उत्तर यायला दोन दिवस लागले, हे मला पटलं नाही आणि तसं मी तोंडावर बोललो.

पहिले तीन-चार महिने तर काहीच हललं नाही, घरात कुरबूर झाली. पण त्या काळातही काय केलं याची यादी दर महिन्याला यायची, गाड्यांचे जड फोटो हलके केले, मोबाइलवर पान लवकर उघडायला लागलं, तुटलेल्या लिंक काढल्या, असं. नोव्हेंबरपासून थेट फोन वाढले. आधी बरंच काम हॉटेलच्या काउंटरवरून नाहीतर ऑनलाइन पोर्टलवरून कमिशन कापून यायचं, ते आता कमी झालंय. शिर्डी टॅक्सी या शब्दावर मात्र अजून मोठी पोर्टलंच वर आहेत, आणि तिथं आपण लवकर पोचणार नाही हे त्यांनी काम घ्यायच्या आधीच सांगितलं होतं.

करार महिन्या-महिन्याचा आहे, वर्षाचे पैसे आगाऊ मागितले नाहीत. पुढच्या सीझनसाठी पितळखोरा आणि लोणारची पानं करायला सांगितलीयत, मजकूर आमचे ड्रायव्हर सांगणार आणि ते लिहिणार असं ठरलंय.