बर्फावरची हॉकी, सहा फुटी पोरं आणि माझी उडालेली झोप

आधीच सांगते, ही धनराज पिल्लेवाली हॉकी नाही. आमच्या बाबांचा हाच घोळ झाला, सोफ्यावर पुस्तक बघून म्हणाले अरे वा हॉकीचं वाचतेस, छान, आणि मग चष्मा लावून कव्हर नीट बघितलं तर म्हणे, "ही पोरं बर्फावर काय करतायत? आणि ही मुलगी कोण मध्येच?" तर ही आइस हॉकी, कॅनडा-अमेरिकेतली, आणि ती मुलगी मध्येच नाहीये, तीच मेन आहे.

गेले आठ-नऊ महिने मी हेच वाचतेय, हॉकी रोमान्स, म्हणजे हॉकी खेळणाऱ्या हिरोंच्या इंग्लिश प्रेमकथा. नाशकात इंदिरानगर ते सातपूर कंपनीची बस, जाऊन-येऊन दीड तास, त्यात बरोबर बसतं. मी मराठी मीडियमची, इंग्लिश कादंबरी म्हटलं की पोटात गोळा यायचा, पण यांचं इंग्लिश सोपं असतं, एक चॅप्टर ती सांगते एक तो सांगतो, निम्मं तर नुसतं बोलणंच. डिसेंबरात सकाळी कानटोपी घालून बसमध्ये बसायचं, खिडकीबाहेर धुकं, आणि पुस्तकात पण बर्फच बर्फ, एकदम सेट होतं.

हॉकी कळावी लागते का, तर नाही. एका टीमचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, बॉलऐवजी रबरची जाड चकती असते तिला पक म्हणतात, आणि मारामारी केली की पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचं, शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे तसं. बास, एवढ्यावर दहा पुस्तकं निघतात. एनएचएल म्हणजे त्यांची मोठी लीग, तिच्या सीझनला एका टीमच्या ऐंशीच्या वर मॅच, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी, त्यामुळे हिरो सारखा विमानात आणि ही इकडे एकटी, विरहाची सोय लेखिकेला आयतीच मिळते.

आता यात एवढं काय आहे. मैत्रिणी म्हणतात सिक्स पॅक. असेल बाई, पण सिक्स पॅक तर कुठल्याही रोमान्समध्ये मिळतात. माझ्या मते सगळी गंमत "जेवलीस का" मध्ये आहे. म्हणजे बघा, हा माणूस बर्फावर समोरच्याला मैदानाभोवतीच्या काचेवर आपटतो, दात पडलेले, भुवईला टाके, आणि घरी आला की हिच्या लक्षात न आलेल्या गोष्टी ह्याच्या लक्षात असतात. हिने दुपारपासून काही खाल्लं नाही, हिला कुठलं गाणं ऐकलं की रडू येतं. आणि हात लावायच्या आधी विचारतो, चालेल का. ताकद आहे पण ती घरात वापरायची नाही हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. आपल्याकडे आवाज चढवला नाही तरी नवरा चांगला म्हणतात, त्यामुळे हे वाचताना जरा जास्तच गोड लागतं.

दुसरं म्हणजे टीम. चार-पाच पोरं एका घरात राहणार, एकमेकांची इज्जत काढणार, कॅप्टन सगळ्यांची आई झालेला. नाशिकच्या माणसाला हे समजवायला नको, ढोल पथकात एक सीझन काढलाय ना कधी? तेच. तीच प्रॅक्टिस, तोच घाम, तेच दुसऱ्या पथकावर जळणं. पथकाच्या कॅप्टनवर कुणीतरी सिरीज लिहा यार, मी पहिली प्रत घेईन. आणि एकाचं पुस्तक संपलं की पुढचं त्याच्या मित्राचं, म्हणून सुटत नाही.

सुरुवात कुठून? माझं उत्तर एल केनेडीचं 'द डील', 2015 चं आहे. गॅरेट कॉलेज टीमचा कॅप्टन, फिलॉसॉफीत नापास, पास झाला नाही तर खेळता येणार नाही. हॅना हुशार, ती शिकवणार, बदल्यात हा तिचा खोटा बॉयफ्रेंड बनणार म्हणजे तिला आवडणारा दुसरा मुलगा जळेल. ऐकायला फिल्मी आहे, आहेच, पण दोघांचं बोलणं इतकं धमाल आहे की बसमध्ये मी एकदा मोठ्याने हसले आणि पुढच्या सीटवरचे काका मागे वळले. हॅनावर आधी अत्याचार झालाय, गॅरेटचा बाप मारकुटा, हे माहीत असू द्या, पण ते नीट हाताळलंय.

'आइसब्रेकर', हॅना ग्रेसचं, सगळ्यात गाजलेलं. ती फिगर स्केटर, तो हॉकीवाला, दुसरं मैदान बंद पडल्याने दोघांना एकच वापरावं लागतं. हिचा स्केटिंग पार्टनर हिच्या ताटावर नजर ठेवतो आणि हिरोला कळतं की ही पोटभर जेवत नाहीये, परत तेच, जेवलीस का. पण मधला भाग फार लांबलाय, दीडशे पानं कमी चालली असती. आणि कव्हरवर जाऊ नका!! गोड कार्टून आहे, माझी आठवीतली भाची उचलून वाचायलाच बसली होती, चौथ्या पानावर होती म्हणून वाचले. आतला मामला पूर्ण मोठ्यांचा आहे, हे या सगळ्याच पुस्तकांना लागू.

कॉलेजची पोरंटोरं नको असतील तर स्टेफनी आर्चरचं 'बिहाइंड द नेट', व्हँकुव्हरचा अबोल गोलकीपर आणि त्याच्याकडे असिस्टंट म्हणून आलेली गाणारी मुलगी, सोबत कुत्रा. फार काही घडत नाही, आजारपणात वाचायला बेस्ट.

आणि रेचल रीडचं 'हीटेड रायव्हलरी', 2019 चं. दोन हिरो, एक कॅनडाचा एक रशियन, जगासमोर कट्टर दुश्मन आणि वर्षानुवर्षं चोरून भेटणारे. 2025 मध्ये त्यावर टीव्ही सिरीज आली आणि सगळीकडे तेच झालं. पुस्तकांच्या सिरीजमधलं हे दुसरं आहे पण पहिलं न वाचता चालतं. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटलं, कारण इथे अडचण खरी आहे, बाहेर कळलं तर करिअर जाईल. बाकी पुस्तकांत ऐंशी टक्के पुस्तक संपल्यावर जे भांडण होतं ते एक फोन केला तरी मिटलं असतं.

तक्रारी आहेत. सगळे सव्वासहा फुटी, कुणालाच घरभाड्याचं टेन्शन नाही, काहींत हॉकी नावालाच, हिरो प्लंबर असता तरी तीच गोष्ट. आणि रस्त्यावरची स्वस्त कॉपी घेऊ नका, मी घेतली, ऐन मोक्याला सोळा पानं गायब आणि त्याच्या जागी आधीचीच सोळा पानं परत. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या वर्गणीत, या प्रकारातलं बरंच मिळतं, आधी तिथे शोधा.

माझ्याकडची 'द डील' मागू नका, नाशिकरोडच्या मैत्रिणीकडे गेलीय, चार महिने झाले, "शेवटची पन्नास पानं राहिलीत" असंच चालूये.